घटक ४ : कविवर्य मोरोपंत – काव्य, आश्रय आणि श्रोते

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
– मोरोपंतांच्या जीवनाचा आणि ग्रंथरचनेचा स्थूल परिचय सांगता येईल.
– मुद्रणपूर्व काळात नव्या कवीची रचना लोकांपुढे कशी येत असे, हे स्पष्ट करता येईल.
– आश्रय, पुराणकथन, कीर्तन व पोथी या चार माध्यमांचे कार्य वेगळे करून दाखवता येईल.
– आर्या या छंदाचा आणि काव्यप्रसाराचा संबंध विशद करता येईल.
– कलावंताची उपजीविका आणि त्याची निर्मिती यांतील नात्याविषयी स्वतःचे मत साधार मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकांत आपण पंडिती काव्याची वैशिष्ट्ये पाहिली. मुक्तेश्वर, वामनपंडित, रघुनाथपंडित आणि श्रीधर यांच्या रचनांचा परिचय आपण करून घेतला. या परंपरेतील शेवटचे मोठे नाव मोरोपंतांचे आहे. त्यांच्या काव्याचे रसग्रहण आपण पुढील घटकात करणार आहोत. या घटकात मात्र त्यांच्या चरित्राकडे एका निश्चित प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे. तो प्रश्न असा : ज्या काळी छापखाना नव्हता, पुस्तकाचे दुकान नव्हते, मासिक नव्हते, त्या काळी परगावाहून आलेल्या एका तरुणाने आपले काव्य लोकांपुढे कसे ठेवले, आणि त्याचा चरितार्थ कशावर चालला?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. काही जण कविता लिहितात, काही चित्रे काढतात, काही गातात, काही भजनी मंडळात पखवाज वाजवतात. आपली कला पहिल्यांदा कोणापुढे ठेवावी, तिचे मोल कोणी व कसे करावे, पोटाचा उद्योग आणि कला यांची सांगड कशी घालावी, हे प्रश्न आपल्यालाही पडत असतील. मोरोपंतांपुढे ते वेगळ्या रूपात उभे होते. त्यांनी त्यांची सोडवणूक कशी केली, हे पाहताना त्या सोडवणुकीच्या मर्यादाही आपण ध्यानात घेऊ.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पन्हाळा : शिक्षणाची वर्षे

मोरोपंतांचे संपूर्ण नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर. पराडकरांचे घराणे मूळचे कोकणातील सौंदळ या गावचे. उपजीविकेच्या निमित्ताने हे कुटुंब घाट चढून पन्हाळगडावर आले आणि तेथेच १७२९ मध्ये मोरोपंतांचा जन्म झाला. केशव पाध्ये व गणेश पाध्ये या पन्हाळ्यावरील विद्वानांपाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. व्याकरण, काव्य, अलंकारशास्त्र, वेदान्त अशा विषयांची जी बैठक त्यांच्या रचनेत पदोपदी जाणवते, ती येथे तयार झाली. आपल्या गुरूंविषयी त्यांच्या मनात अखेरपर्यंत कृतज्ञता होती.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काळी हे शिक्षण सर्वांना खुले नव्हते. संस्कृत शास्त्रांचे अध्ययन आणि त्यावर आधारलेले पुराणिकाचे काम ही ब्राह्मण पुरुषांपुरती मर्यादित क्षेत्रे होती. मोरोपंतांच्या कर्तृत्वाचे मोजमाप करताना ही सामाजिक वस्तुस्थिती बाजूला ठेवता येत नाही. त्यांच्यापुढे जी दारे उघडली, ती त्याच तोलाची प्रतिभा असलेल्या अन्य जातींतील पुरुषांपुढे किंवा कोणत्याही जातीतील स्त्रीपुढे उघडली असती, असे म्हणता येणार नाही.

४.२.२ बारामती आणि बाबूजी नाईक

मोरोपंत वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, म्हणजे १७५२ च्या सुमारास, पन्हाळा सोडून बारामतीस आले. येथून पुढची चार दशके, मृत्यूपर्यंत, बारामती हेच त्यांचे गाव राहिले.

बारामती हे कऱ्हा नदीच्या काठचे गाव. सासवड, जेजुरी, मोरगाव असा प्रवास करून कऱ्हा बारामतीस येते आणि पुढे नीरेस मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्यातील नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. या पट्ट्याला लोक कऱ्हेकाठ म्हणतात. आज या भागातील बराच मुलूख कालव्याच्या पाण्यावर उभ्या असलेल्या उसासाठी ओळखला जातो. अठराव्या शतकात तो कमी पावसाचा, जिरायती मुलूख होता. पुण्यासारखे पेशव्यांचे दरबारी वैभव येथे नव्हते. मात्र येथे एक संपन्न घराणे होते, ते म्हणजे नाईक जोशी यांचे.

बाबूजी नाईक हे त्या काळातील बडे सावकार. पहिल्या बाजीराव पेशव्यांना त्यांनी कर्जाऊ रकमा दिल्या होत्या. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे जावई. म्हणजे पेशव्यांशी या घराण्याचे नाते दुहेरी होते, सोयरिकीचे आणि देण्याघेण्याचे. १७४० मध्ये बाजीरावांचा मृत्यू झाल्यावर पेशवेपदासाठी बाबूजी नाईकांचे नाव पुढे आले आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्यांचा पक्ष घेतला. शाहू महाराजांनी ते पद बाजीरावपुत्र नानासाहेबांना दिले. अशा महत्त्वाकांक्षी, धनवान आणि राजकारणात मुरलेल्या गृहस्थाच्या पदरी मोरोपंत राहिले. नाईकांचा भक्कम वाडा कऱ्हेच्या काठी आहे. आपण बारामती परिसरातील विद्यार्थी असाल, तर तो पाहिलाही असेल.

अशा घराण्यांना पुराणिक का हवा असे? धर्मश्रवण हे एक कारण झाले. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. ज्याच्या पदरी विद्वान, त्याचे घर मोठे, अशी ती समजूत होती. सावकारीतून मिळालेल्या धनाला सामाजिक मान मिळवून देण्याचे काम विद्येचा आश्रय करीत असे. आश्रयदाता आणि कवी या दोघांनाही परस्परांची गरज होती.

४.२.३ विकले काय आणि दिले काय?

आता आपण आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. मोरोपंतांनी आपले काव्य विकले का? आजच्या अर्थाने नाही. त्यांच्या एखाद्या आख्यानाची किंमत ठरली आणि ती कोणी मोजून दिली, असा तो व्यवहार नव्हता. त्यांना जे मिळत होते, ते पुराणकथनाच्या सेवेबद्दल. काव्य हे त्या सेवेच्या आधाराने, तिच्या सोबतीने वाढले.

त्या काळी विद्वानाला व कलावंताला मिळणाऱ्या मोबदल्याची अनेक रूपे होती. वर्षाकाठी ठरलेली नेमणूक म्हणजे वर्षासन. एका कार्यक्रमाबद्दल, निरोप देताना दिली जाणारी रक्कम म्हणजे बिदागी. धर्मकृत्याच्या निमित्ताने दिली जाणारी ती दक्षिणा. शालजोडी, पागोटे, धान्य, इनाम जमीन अशा स्वरूपातही मोबदला मिळे. पुण्यास पेशवे श्रावणमासात विद्वानांना मोठ्या प्रमाणावर दक्षिणा वाटीत. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती : मोल कृतीचे नव्हे, तर माणसाचे आणि त्याच्या उपस्थितीचे केले जात असे. कृती ही कोणाचीही मालमत्ता नसे. पोथी ज्याला हवी त्याने नकलून घ्यावी, आर्या ज्याला आवडली त्याने पाठ करावी.

या व्यवस्थेची तुलना त्याच काळातील लंडनशी करून पाहणे उद्बोधक ठरेल. मोरोपंत बारामतीस स्थिरावत होते, त्याच सुमारास, १७५५ मध्ये, सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्यामागे पुस्तकविक्रेत्यांचे भांडवल होते. वेळेवर मदत न करता श्रेय घेऊ पाहणाऱ्या उमरावाला जॉन्सन यांनी पत्र लिहून झिडकारले, हे प्रसिद्ध आहे. लेखकाला असे करता आले, कारण आश्रयदात्याखेरीज दुसरे गिऱ्हाईक, म्हणजे वाचक, तेथे तयार झाले होते. मराठीत तशी स्थिती नव्हती. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी व्याकरण छापले ते १८०५ मध्ये. त्याच वर्षी मिरजेस तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. तेव्हा मोरोपंतांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. म्हणजे मराठी कवीला आश्रयावाचून राहावयाचे असेल, तर त्याला श्रोत्यांकडेच जावे लागे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(१) मोरोपंत बारामतीस केव्हा व कोणाच्या आश्रयास आले?
(२) वर्षासन आणि बिदागी यांतील फरक सांगा.
(३) कृतीचे मोल आणि माणसाचे मोल यांतील भेद तीन-चार वाक्यांत स्पष्ट करा.

४.२.४ पुराणकथन : रोजची कार्यशाळा

पुराणिकाचे काम कसे चालत असे, ते थोडक्यात पाहू. समोर चौरंगावर किंवा व्यासपीठावर संस्कृत पोथी. पुराणिक श्लोक म्हणतो, त्याचा अन्वय लावतो, मग प्रचलित मराठीत अर्थ सांगतो आणि प्रसंग रंगवतो. श्रोत्यांत संस्कृत जाणणारे थोडे असतात. बाकीचे कथेसाठी आलेले असतात. त्यांत घरातील स्त्रिया, मुले, कारकून, नोकरचाकर असे सर्व असतात. कथा कोठे लांबली, कोठे माना डोलल्या, कोणत्या शब्दापाशी श्रोता अडखळला, हे पुराणिकाला तत्काळ कळते.

मोरोपंतांनी महाभारत, रामायण, भागवत आणि हरिवंश या चारही मोठ्या कथासागरांना मराठी रूप दिले, हा योगायोग मानता येणार नाही. हेच ग्रंथ ते श्रोत्यांपुढे उलगडीत होते. संस्कृत श्लोकाचा आशय मराठी श्रोत्याच्या पदरात कसा टाकावा, याचा सराव त्यांना रोज घडत होता. पोटासाठी करावयाचे काम आणि आवडीचे काम यांच्यात त्यांनी शक्य तितके कमी अंतर ठेवले. दिवसभर एका विषयात राबावे आणि रात्री वेगळ्याच विषयाकडे वळावे, अशी ओढाताण त्यांच्या वाट्याला आली नाही. चार दशकांत त्यांच्याकडून झालेल्या प्रचंड रचनेचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. एकट्या ‘आर्याभारता’तच सुमारे १७ हजार आर्या आहेत. त्याशिवाय ‘कृष्णविजय’, ‘हरिवंश’, ‘मंत्रभागवत’, परंपरेने १०८ मानली गेलेली रामायणे आणि शेकडो स्फुट प्रकरणे त्यांच्या नावावर आहेत.

४.२.५ विद्वानांसमोरची परीक्षा

नव्या कवीला सामान्य श्रोत्यांप्रमाणेच जाणकारांचीही मान्यता लागते. मोरोपंतांच्या काळी हे जाणकार म्हणजे शास्त्री-पंडित. मराठीत लिहिणे हे त्यांच्यापैकी अनेकांच्या दृष्टीने दुय्यम प्रतीचे काम होते. मराठी रचनाही संस्कृताइतकी कसून बांधता येते, हे दाखवण्याची गरज होती. मोरोपंतांच्या चित्रविचित्र रामायणांकडे या दृष्टीने पाहावे. ‘परंतु रामायण’, ‘दाम रामायण’, ‘निरोष्ठ रामायण’ ही नावेच त्या रचनांचे वेगळेपण सांगतात.

‘निरोष्ठ रामायणा’चे उदाहरण भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम तपासावे असे आहे. निरोष्ठ म्हणजे ओठांचा उपयोग न करता उच्चारता येईल असे. म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने वर्ज्य. आपण क्षणभर थांबून विचार करा : ही अट पाळावयाची, तर राम, लक्ष्मण, भरत, बिभीषण आणि कुंभकर्ण यांपैकी एकाचेही नाव घेता येणार नाही. नायकाचे नावच न उच्चारता त्याची कथा सांगावयाची! त्यासाठी पर्यायी शब्दांचे केवढे भांडार आणि ध्वनींचे केवढे भान हवे, याची कल्पना आपण करू शकता.

अशा रचनांवर पुढे टीका झाली. ही कविता नव्हे, ही शब्दांची कसरत आहे, असा आक्षेप घेण्यात आला. तो सर्वस्वी निराधार नाही. यमकासाठी ओढून आणलेले शब्द आणि संस्कृत समासांची दाटी यांमुळे त्यांच्या काही रचना आज वाचवत नाहीत. तरीही या रचनांचे कार्य वेगळे होते, हे विसरू नये. गायक मैफलीत कधी अवघड तान घेतो, ती जाणकारासाठी असते. तेवढ्यावरून त्याच्या सर्व गायनाची परीक्षा करीत नाहीत. मोरोपंतांची मुख्य कीर्ती या कसरतींवर उभी नाही.

४.२.६ आर्या : दूर जाऊ शकणारा छंद

ती कीर्ती ज्यावर उभी आहे, त्या छंदाकडे आता वळू. आरंभीच्या काळात मोरोपंतांनी वेगवेगळ्या अक्षरगणवृत्तांत रचना केली. पुढे मात्र त्यांनी आर्या हे मात्रावृत्त जवळ केले आणि ते इतके आपलेसे केले की, आर्या म्हटली की मोरोपंत असे समीकरणच झाले.

अक्षरगणवृत्तात प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व आणि स्थान ठरलेले असते. मात्रावृत्तात मात्रांची एकूण संख्या सांभाळावी लागते. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. ‘राम’ या शब्दाच्या तीन मात्रा, ‘कमल’ या शब्दाच्याही तीनच. शास्त्रानुसार आर्येच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात. शेवटच्या चरणातही १८ मात्रा असतील, तर त्या रचनेस गीती म्हणतात. मोरोपंतांच्या ज्या रचनांना आपण सरसकट आर्या म्हणतो, त्यांतील बहुतेक काटेकोर अर्थाने गीती आहेत. परीक्षेत हा भेद अवश्य नोंदवावा.

या छंदाचे तीन गुण काव्यप्रसाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पहिला, मराठी शब्द त्यात फारशी मोडतोड न करता बसतात. दुसरा, दोन ओळींत एक विचार किंवा एक प्रसंगखंड पुरा होतो. त्यामुळे एखादी आर्या मूळ आख्यानातून वेगळी काढून कोठेही सांगता येते. तिसरा, शेवटच्या यमकामुळे ती चटकन पाठ होते. ‘आर्याभारता’ची अवघी पोथी बाळगणे फार थोड्यांना शक्य होते. त्यातील दहा-वीस आर्या मात्र कोणीही कंठात घेऊन गावोगाव जाऊ शकत होता.

४.२.७ कीर्तनकार : काव्याचे वाहक

अशा आर्या घेऊन जाणारे लोक म्हणजे कीर्तनकार. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे किंवा पदाचे निरूपण होते. उत्तररंगात त्याच सिद्धान्ताला पोषक असे आख्यान सांगितले जाते. आख्यानात गद्य निवेदनाबरोबर श्लोक, आर्या, साकी, दिंडी अशा रचना येतात. कीर्तनकाराला अशा पद्यांची सतत गरज असते. नेटके संवाद, चढत्या प्रसंगाला साजेल असा शब्द, शेवटी टाळी घेणारे यमक, हे सारे मोरोपंतांच्या आर्येत तयार मिळे. कवीला श्रोते हवे होते, कीर्तनकाराला सामग्री हवी होती. दोघांचे काम एकमेकांवाचून अडत होते, म्हणून हा संबंध टिकला.

या संदर्भात राम जोशी यांचे नाव सर्वांत महत्त्वाचे. सोलापूरचे राम जोशी (जन्म १७६२ च्या सुमारास) हे संस्कृत जाणणारे, परंतु लावणीच्या आणि तमाशाच्या फडात रमलेले शाहीर. मोरोपंतांच्या सहवासाचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि ते कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. आपल्या कीर्तनांतून त्यांनी मोरोपंतांच्या आर्या ठिकठिकाणी पोचवल्या. फडावर मिळवलेली स्वराची, अभिनयाची आणि श्रोता ताब्यात ठेवण्याची कसबे त्यांनी कीर्तनात आणली असणार, हे सहज समजण्यासारखे आहे.

हे दोन कलावंत वयाने, स्वभावाने आणि वृत्तीने किती भिन्न! एक बारामतीत स्थिर राहिलेला, नेमणुकीवर चरितार्थ चालवणारा कवी. दुसरा फिरता, बिदागीवर जगणारा, श्रोत्यांच्या पसंतीवर रोज उभा राहणारा शाहीर. तरुण प्रयोगकर्त्याने ज्येष्ठ कवीची रचना उचलली आणि ती ज्येष्ठाला एकट्याने कधीच पोचवता आली नसती, इतक्या दूर नेली. कलेच्या प्रसारात प्रयोगकर्त्याचा वाटा निर्मात्याइतकाच मोठा असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण अठराव्या शतकातील मराठीत शोधून सापडणार नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(१) पुराणकथनाचा मोरोपंतांच्या ग्रंथनिवडीशी काय संबंध आहे?
(२) आर्या व गीती यांतील फरक मात्रांच्या आधारे सांगा.
(३) कीर्तनकारांना आर्या सोयीची का वाटली? तीन कारणे लिहा.

४.२.८ आश्रयाची किंमत

आश्रयात राहणाऱ्या कवीला काही किंमत मोजावी लागते, ती मोरोपंतांनी मोजली का? त्यांच्या काव्याचा फार मोठा भाग देव, पुराणपुरुष आणि संत यांच्याविषयी आहे. आश्रयदात्याची स्तुती हा त्यांच्या लेखनाचा मुख्य उद्योग कधीच झाला नाही. अहल्याबाई होळकरांविषयी त्यांनी आदराने लिहिले, तेथे त्यांच्या दानधर्माचा आणि सदाचाराचा गौरव आहे. या अर्थाने त्यांनी स्वातंत्र्य राखले.

परंतु दुसऱ्या बाजूने पाहू. मोरोपंतांच्या हयातीत, १७६१ मध्ये, पानिपतचा संग्राम झाला. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांच्या काळातील हा प्रक्षोभ त्यांच्या काव्यात केंद्रस्थानी आलेला नाही. कऱ्हेकाठचा शेतकरी, दुष्काळ, बाजार, स्त्रियांचे दैनंदिन जीवन यांनाही तेथे फारशी जागा नाही. याचे खापर केवळ आश्रयावर फोडणे योग्य होणार नाही. पंडिती काव्याची परंपराच पुराणविषयक होती. तथापि, ज्या श्रोत्यांसाठी आणि ज्या प्रसंगांसाठी काव्य निर्माण होते, ते श्रोते व प्रसंग काव्याचा विषय ठरवण्यास हातभार लावतात, हे आपण नाकारू शकत नाही. याच काळातील शाहिरांनी पोवाड्यांतून समकालीन घटना गायल्या, कारण त्यांचा श्रोता आणि त्यांचा मोबदला वेगळ्या ठिकाणाहून येत होता.

आयुष्याच्या उत्तरार्धातील ‘केकावली’ या रचनेत मात्र वेगळे मोरोपंत भेटतात. केका म्हणजे मोराचा टाहो. मयूर हे त्यांनी आपल्या नावावरून घेतलेले कविनाम, म्हणून हे शीर्षक. पृथ्वी वृत्तातील सुमारे १२० श्लोकांच्या या स्तोत्रात कथा नाही, आख्यान नाही. थेट ईश्वराला घातलेली साद आहे. पंडिताची प्रौढी येथे विरघळते. कधी विनवणी, कधी रुसवा, कधी युक्तिवाद असे भक्ताचे मन त्यात प्रकटते. आयुष्यभर श्रोत्यांसाठी रचना केलेल्या कवीने येथे श्रोता बदलला, असे म्हणता येईल. आणि गंमत अशी की, हीच रचना त्यांच्या सर्व ग्रंथांत अधिक प्रेमाने वाचली गेली.

१५ एप्रिल १७९४ रोजी बारामती येथे मोरोपंतांचे देहावसान झाले.

४.२.९ मृत्यूनंतर : पोथीतून पुस्तकात

१८१८ मध्ये पेशवाई संपली. आश्रयाची जुनी व्यवस्था कोसळली. पेशव्यांच्या दक्षिणेसाठी खर्च होणारा पैसा इंग्रजी अमदानीत अंशतः मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे वळला. दरम्यान छापखाना रुळला होता. आता मोरोपंतांच्या काव्याचे काय होणार, हा प्रश्न होता.

कीर्तनामुळे आर्या लोकांच्या तोंडी होत्या आणि पोथ्यांमुळे त्यांचे पाठ शिल्लक होते. म्हणून मुद्रणयुगात त्यांना लगेच जागा मिळाली. १८५४ मध्ये परशुरामतात्या गोडबोले यांनी सिद्ध केलेल्या ‘नवनीत’ या काव्यसंग्रहातून मोरोपंत शालेय विद्यार्थ्यांपर्यंत गेले. १८६५ मध्ये दादोबा पांडुरंग यांनी ‘केकावली’वर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त मोरोपंतांच्या कवितेची बाजू हिरिरीने मांडली. १९०८ मध्ये ल. रा. पांगारकर यांचा मोरोपंतांचे चरित्र आणि काव्यविवेचन करणारा ग्रंथ आला. पुस्तके विकली गेली, मुद्रकांना व संपादकांना त्याचा लाभ झाला. कवी तेव्हा या व्यवहाराच्या पलीकडे गेलेला होता.

४.२.१० आजच्या नव्या कलावंतासाठी

मोरोपंतांचे चरित्र आज जसेच्या तसे गिरवता येणार नाही आणि गिरवू नये. नाईकांचा आश्रय आता नाही. जन्मावर आधारलेली ती व्यवस्था आपल्याला नकोही आहे. तरीही या चरित्रातून काही विचारात घेण्याजोग्या गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट, त्यांचे पहिले श्रोते जवळचे आणि रोजचे होते. पुण्याचा दरबार जिंकावयास ते निघाले नाहीत. एका गावातील एका वाड्यात त्यांनी आपली रचना पारखून घेतली. आपणही आपली कविता प्रथम गावच्या वाचनालयात, भजनी मंडळात, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाचू शकता. चित्रकाराला तालुक्याच्या गावी एखाद्या सभागृहाची भिंत मिळाली, तरी प्रारंभास ती पुरे. मुंबईत १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनांतून म. वि. धुरंधरांसारखे चित्रकार पुढे आले, हे खरे. पण प्रदर्शनात मांडण्याआधी चित्र कोणी तरी पाहिलेले असावे लागते.

दुसरी गोष्ट, चरितार्थाचे साधन त्यांनी कलेच्या जवळपास शोधले, परंतु एकेका रचनेच्या कमाईवर संसार टांगला नाही. नव्या कलावंताला पहिल्या काही वर्षांत कलाविक्रीतून पुरेसे उत्पन्न मिळत नाही. अशा वेळी शिकवणे, सजावट, अक्षरलेखन, मुद्रितशोधन यांसारखे जवळचे काम हात धरते.

तिसरी गोष्ट, रचनेचे रूप वाहून नेण्यास सोपे असेल, तर ती दूर जाते. आर्येने हे दाखवले. चौथी गोष्ट, आपली कला पुढे नेणाऱ्या माणसाचा सन्मान करावा. गायकाने गायलेली कविता ही कवीची हानी नव्हे. मात्र येथे आजच्या काळात एक फरक केला पाहिजे. मोरोपंतांच्या काळी कृतीवर मालकी नव्हती. आज कायद्याने कवीला व चित्रकाराला आपल्या कृतीवर हक्क दिला आहे. म्हणून कृती दुसऱ्याच्या हाती देताना नाव, मोबदला आणि वापराची मर्यादा लेखी ठरवून घ्यावी. संकोचापोटी हे टाळणारा कलावंत स्वतःचेच नुकसान करतो.

पाचवी गोष्ट, आपल्या रचनेची नीट प्रत ठेवावी. पोथ्या जपल्या गेल्या नसत्या, तर कीर्तनकारांच्या कंठातील मोजक्या आर्यांवरच मोरोपंतांची ओळख थांबली असती.

४.३ सारांश

मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्यास जन्मले व शिकले. १७५२ च्या सुमारास ते बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयास आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. पुराणकथनाच्या सेवेवर त्यांचा चरितार्थ चालला व त्याच सेवेने त्यांच्या काव्याला विषय आणि श्रोते दिले. पंडितांसाठी त्यांनी बंधनयुक्त रामायणे रचली. व्यापक श्रोत्यांसाठी आर्या घडवली. राम जोशींसारख्या कीर्तनकारांनी ती महाराष्ट्रभर नेली. आश्रयामुळे स्थैर्य लाभले, पण समकालीन जीवन काव्याबाहेर राहिले. एकोणिसाव्या शतकात मुद्रणाने त्यांना नवा वाचकवर्ग मिळवून दिला.

४.४ पारिभाषिक शब्द

वर्षासन : दरवर्षी मिळणारी ठरावीक नेमणूक.
बिदागी : कार्यक्रमानंतर कलावंतास निरोपादाखल दिलेला मोबदला.
पूर्वरंग व उत्तररंग : नारदीय कीर्तनाचे निरूपणाचा व आख्यानाचा असे दोन भाग.
निरोष्ठ : ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केलेली रचना.
गीती : १२, १८, १२, १८ अशा मात्रांचे चार चरण असलेले मात्रावृत्त.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

(१) मोरोपंतांच्या काव्यप्रसारात आश्रयदाता, पंडित आणि कीर्तनकार यांनी बजावलेली भूमिका विशद करा.
(२) आश्रयामुळे कवीचे स्वातंत्र्य कमी होते, या मताची मोरोपंतांच्या चरित्राच्या आधारे चर्चा करा.
(३) टीप लिहा : ‘केकावली’चे वेगळेपण.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एखादे कीर्तनकार, भजनी गायक, मूर्तिकार किंवा चित्रकार यांची भेट घ्या. त्यांचा पहिला कार्यक्रम किंवा पहिली विक्री कोठे झाली, मोबदला कोणत्या रूपात मिळाला, चरितार्थाचे दुसरे साधन कोणते होते, हे विचारा. त्यांच्या संमतीने सुमारे ५०० शब्दांत टिपण तयार करा आणि मोरोपंतांच्या काळातील स्थितीशी त्याची तुलना करून ते संपर्कसत्रात सादर करा.